पुराची वर्दी आणि रेडिओ

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यांतील राजूर हें कोळशाच्या खाणींचें व चुन्याच्या भट्ट्यांचें गांव. तेथें लख्ख ऊन पडलेलें असतांना तालुक्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा नदीला पूर यावा, हें नवख्या माणसास चमत्कारिक वाटेल. परंतु नदी फुगते ती वरच्या पाण्यानें. मोर्शीजवळचें ऊर्ध्व वर्धा, आर्वीकडचें निम्न वर्धा, बाभुळगांवकडचें बेंबळा, या धरणांचे दरवाजे उघडले म्हणजे तें पाणी कांहीं तासांनीं खालीं येऊन पोंचतें. आणि वर्धा तुडुंब भरली कीं तिला मिळणारे ओढेनालेही मागें तुंबतात. २०२२ सालच्या जुलै महिन्यांत नदीकांठच्या गांवांनीं हें पुरतें अनुभवलें.

या मधल्या कांहीं तासांतच रेडिओचें खरें काम आहे. वीज गेली, दूरध्वनीचे मनोरे मुके झाले, तरी दोन सेलांवर चालणारा रेडिओ बोलत राहतो. प्रश्न एवढाच कीं, त्यानें बोलावें काय? 'अमुक हजार घनफूट विसर्ग' हे शब्द इंजिनियरास पुरेसे असतील; गोठ्यांतली गाय केव्हां सोडावी हें त्यांवरून कोणा म्हातारीस कळत नाहीं. तिला हवें असतें तें पुलाचें नांव, गांवाचें नांव आणि पाणी चढण्याची वेळ. खाणींच्या मुलखांत तेंच हिंदींतूनही सांगावें, कारण तेथील सर्वच कामगार मराठी जाणतात असें नव्हे.

ही स्थानिक माहिती दूरच्या केंद्राकडून कितीशी मिळणार? २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच शहरांत कुलाब्यास भरला सुमारें ७४! एका शहराची ही कथा, तर सबंध विदर्भाची काय सांगावी? नागपूरचें आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें; पुढें यवतमाळलाही केंद्र आलें, तें याच दृष्टीनें मोलाचें. हवामान खातें आतां जिल्हावार इशारे देतें, तेही पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांनीं. रंग हे डोळ्यांचें खाद्य. रेडिओवर नुसता 'नारिंगी' म्हणून भागत नाहीं, त्याचा अर्थ उलगडावा लागतो. शिवाय बातमी किती वाजतांची, हें प्रत्येक वेळीं सांगितलें पाहिजे. सकाळची वर्दी सायंकाळीं जशीच्या तशी वाचली, तर ती मौनाहूनही घातक ठरते.

विजेचें संकट मात्र पुरासारखी सवड देत नाहीं. येथें जुन्या मध्यम लहरींचा एक दोषच उपयोगीं पडतो. ढगांतील वीज अद्याप दूर असतांच त्या लहरींवर खरखर उठूं लागते, एफ. एम. वर ती सहसा ऐकूं येत नाहीं. बांधावर रेडिओ ठेवून निंदण करणाऱ्या बायांनीं ती खरखर वाढतांच झाडाखालीं न जातां पक्क्या घराची वाट धरावी.