निराधार बालकांचे घर आणि गावाचे कर्तव्य



एड्सने आईवडील हिरावले आणि स्वतःलाही एचआयव्हीची बाधा झाली, अशा बालकाने जावे कोठे? पंढरपूर येथे मंगलताई शहा यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘पालवी’ने या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. आप्तांनी गोठ्यात टाकून दिलेल्या दोन चिमुरड्या मुलींना आश्रय देऊन या कार्याचा आरंभ झाला.

त्या वेळी शासकीय रुग्णालयांत विषाणूरोधक औषधे मोफत मिळत नसत. १ एप्रिल २००४ पासून ती मिळू लागली. औषध रोज, वेळेवर आणि आयुष्यभर घ्यावे लागते. ते नियमाने चालू राहिले, जोडीला सकस आहार व मायेची देखरेख लाभली, तर असे मूल शिकते, मोठे होते, आपल्या पायांवर उभे राहते. एका बाकावर बसल्याने, एका पंगतीत जेवल्याने किंवा सोबत खेळल्याने हा रोग पसरत नाही.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या कायद्यानुसार या कारणावरून शाळाप्रवेश वा निवारा नाकारता येत नाही. बाधेची माहिती संमतीवाचून उघड करण्यासही मनाई आहे. शिक्षकांनी ही गुप्तता कसोशीने पाळावी.

अशा बालकांच्या मालमत्तेचे रक्षण करण्याची जबाबदारी याच कायद्याने शासनावर सोपविली आहे. पित्याच्या पश्चात शेताला व घराला बालकाचे नाव वारस म्हणून लागले की नाही, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष पुरवावे. संस्थेतील बालक एके दिवशी सज्ञान होऊन बाहेर पडेल. त्या दिवशी गावाचे दार त्याला उघडे असले पाहिजे.