चोपडा, कार्ड आणि काउंटरवरचा कोड
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



गणपतीच्या दिवसांत बाजारावर बोलणे काहींना रुक्ष वाटेल. पण वडोदऱ्यातली आपली बहुतेक मराठी घरे नोकरदारांची. गल्ल्यापलीकडे आपण क्वचितच बसलो. गल्ल्याच्या अलीकडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या उभे आहोत. बँकेतून निवृत्त झालेले आम्ही चौघे म्हणूनच आज गिऱ्हाईक या नात्याने बोलणार आहोत. आमचे म्हणणे एवढेच: पैसे देण्याच्या वाटा वाढल्या ही चांगली गोष्ट आहे, पण प्रत्येक वाटेचा टोल कोणीतरी भरत असतो. तो कोण भरतो, हे पाहून वाट निवडावी.

सुरुवात जुन्या चोपड्यापासून करू. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांत वाढलेल्यांना ती लाल वही आठवत असेल. पगार महिन्यातून एकदा यायचा, चहा-साखर रोज लागायची. ‘लखी लेजो’ म्हटले की दुकानदार वहीत लिहून घ्यायचा, पगार झाला की बाकी चुकती व्हायची. दिवाळीला नव्या चोपड्याची पूजा होण्याआधी तर जुनी बाकी मिटवायचीच, असा घराघरांत दंडक होता. या उधारीवर व्याज नव्हते, तरी ती फुकट नव्हती. उधारीवाल्याला भाव थोडा चढा लागे आणि चोपड्यात नाव असताना समोरच्या दुकानात जायला पाय धजत नसे. म्हणजे पैसे देण्याची सवलत हे गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचे साधन तेव्हाही होते. आज कॅशबॅक देणारे तेच करतात, फक्त त्यांची वही आपल्याला दिसत नाही.

सयाजीराव महाराजांनी १९०८ साली याच शहरात बँक ऑफ बडोदा सुरू केली. घरात पडलेला पैसा व्यापाराला आणि उद्योगाला मिळाला पाहिजे, हा त्यामागचा विचार. पण किराण्याच्या दुकानात बँक पोचायला फार वर्षे गेली. चेक तिथे चालत नसे. पुढे कार्डे आली, ती आधी मोठ्या दुकानांत. मग मोबाइलमधली वॉलेट आली. एकाचे पैसे दुसऱ्यात जात नसत, त्यामुळे काउंटरवर तीन-तीन, चार-चार कागद चिकटवलेले असत.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले आणि चित्र पालटले. ॲप कोणतेही असो, बँक कोणतीही असो, एकाच कोडवर पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात जातात. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या आणि अनेकांनी नाइलाजाने ही वाट धरली. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून शुल्क घेणे बंद झाले. भाजीवाल्याकडे कोड दिसतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

आता टोलाचा हिशेब. समजा, आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून हजार रुपयांचा किराणा घेतला आणि त्यात दुकानदाराला साठ रुपये सुटले. क्रेडिट कार्डावर साधारण दीड ते दोन टक्के शुल्क दुकानदाराला पडते. दोन टक्के धरले तर वीस रुपये गेले, म्हणजे नफ्याचा तिसरा हिस्सा. आपल्याला मात्र कार्डाचे गुण मिळाले म्हणून आनंद. तेच पैसे आपण खात्यातून यूपीआयने दिले तर त्याचे काही कापले जात नाही. पैसे आल्याची आवाजी वर्दी देणारी पेटी घेतली असेल तर तिचे भाडे तेवढे त्याला पडते. क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून दिले, तर मोठ्या रकमेवर शुल्क लागू शकते, हेही ध्यानात असू द्या. रोखीलाही खर्च आहेच: सुट्टे जमवणे, मोजणे, सांभाळणे, बँकेत भरणे.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांचेही तसेच. बँक व्याज लावतेच; दुकान किंवा कंपनी तेवढी सूट किमतीतून देते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बहुधा आपल्या माथी येते. म्हणून फ्रिज घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: ‘एकरकमी दिले तर काय भाव?’ उत्तर ऐकले की सवलतीचा खरा अर्थ कळतो.

स्पर्धा दुकानादुकानांत आहे, तशी ती ॲपांमध्येही आहे. यूपीआयच्या व्यवहारांपैकी बराच मोठा वाटा फोनपे आणि गूगल पे या दोघांकडे आहे. एका ॲपकडे तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाला; त्याची मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली. स्पर्धा कागदावर लिहून येत नाही. गिऱ्हाइकाने अधूनमधून दुसरे दारही उघडले, तरच ती टिकते.

यात आपले काय पणाला लागले आहे? २०२० च्या टाळेबंदीत ज्याने पिशवी दारापर्यंत आणून दिली आणि ‘पैसे नंतर बघू’ म्हटले, ते दुकान. घरपोच सामान देणाऱ्या कंपन्यांशी तो भावात टिकेलच असे नाही. पण आजोबांचे औषध संपले आहे आणि मुलगा परगावी आहे, हे त्याला ठाऊक असते. अशी पत कोणत्याही ॲपवर मिळत नाही. त्याचा गल्ला रिकामा झाला, तर ही सोयही जाईल.

तेव्हा चार गोष्टी सुचवतो. छोट्या दुकानात खात्यातून यूपीआय किंवा रोख द्यावी; क्रेडिट कार्ड मोठ्या दुकानांसाठी ठेवावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगावे की पिन पैसे देण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी कधीच नाही. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० वर कळवावे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांची रोख कोणत्याही दुकानाने आनंदाने घ्यावी, असा आग्रह आपण गिऱ्हाइकांनी धरावा. आणि आपल्या मंडळानेही वर्गणीसाठी कोड छापला तरी पावती पुस्तक बंद करू नये. पाचशेची नोट घेऊन येणाऱ्या आजींना पावती लिहून देताना चार शब्द बोलणे होते, आणि त्यांची नातवंडे कुठे आहेत तेही कळते.

वाटा दहा असोत. त्यातली कोणती धरायची, हे ॲपने सुचवण्याआधी आपण ठरवावे, इतकीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!