अंगात येणं आणि अबोध मन

कन्हेरी, बारामती, इंदापूर या आपल्या भागात ‘अंगात येणं’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काही जण त्याला देवाचा संचार म्हणतात, काही जण सरळ ढोंग. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. १८९५ साली व्हिएन्नाच्या ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांनी हिस्टेरियाच्या रुग्णांवर पुस्तक लिहिलं. हात लुळा पडायचा, वाचा जायची, पण शरीरात दोष सापडायचा नाही. दडपलेलं दुःख शरीरातून बोलतं आणि त्या माणसालाच त्याचा पत्ता नसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे मानलं, तर घुमणारी सासुरवाशीण खोटारडी ठरत नाही. एरवी जे बोलायची सोय नाही, तेच तिच्या तोंडून निघत असेल.

परक्या शहरातला सिद्धांत इथे कसा लागू होईल? शंका रास्त आहे. १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापणाऱ्या कोलकात्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनीही फ्रॉइडशी पत्रांतून मतभेद मांडले होते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: माणसाला स्वतःलाच ठाऊक नसलेलं हे अबोध मन मोजून दाखवता येत नाही, आणि फ्रॉइडची कितीतरी विधानं पुढे टिकली नाहीत. प्रत्येक संचारामागे दडपण असतं असंही नाही. कधी फेफरं असतं, कधी नुसतं रूढीचं वळण. तरी रुग्णाचं आधी ऐकून घ्यायचं, ही रीत टिकली. उलट, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं आपल्या राज्यात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. घरात कुणाला असा त्रास असेल, तर डॉक्टरांना दाखवा, किंवा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.