गणिताची पायरी कोणी ठरवायची?



महाविद्यालयाचे दार उघडले की शिक्षणातील विषमतेचा प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा इतिहास अवश्य पाहावा. १८४७ साली सामान्यांच्या मुलांना विनाशुल्क उच्च शिक्षण मिळावे म्हणून ही संस्था स्थापन झाली. तरीही हार्लेमच्या वस्तीत उभ्या असलेल्या या कॉलेजात १९६० च्या दशकापर्यंत कृष्णवर्णीय व प्वेर्तो रिकन विद्यार्थी थोडेच होते. १९६९ च्या वसंतात त्यांनी परिसराचा ताबा घेतला, आणि १९७० पासून शहराच्या विद्यापीठाने शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकासाठी प्रवेश खुला केला. (१९७६ मध्ये शहराचे दिवाळे निघण्याची वेळ आली तेव्हा फी बसली, ती कहाणी निराळी.)

आत आलेल्या मुलापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो गणिताचा: कोणत्या पायरीपासून सुरुवात करायची? उत्तर एका चाचणीने दिले. तीत कमी पडणाऱ्याला शालेय बीजगणिताच्या वर्गात बसवण्यात येई. या वर्गाचे गुण पदवीत धरले जात नसत, वेळ मात्र जाई. बीजगणित सुटल्याशिवाय कॅल्क्युलस नाही आणि कॅल्क्युलसविना पदार्थविज्ञानाचा गंभीर अभ्यास नाही. म्हणजे एका दिवसाच्या चाचणीने पुढील वर्षांची वाट आखली जाई. पुष्कळ मुले त्या पहिल्या वर्गातच गळाली.

मग चाचणीच मोडीत काढावी काय? हा विचार सोपा, म्हणूनच फसवा आहे. अपूर्णांकांत अडखळणाऱ्याला थेट कॅल्क्युलसमध्ये ढकलणे म्हणजे समतेच्या नावाखाली त्याला एकटे सोडणे होय. याच विद्यापीठातील तीन महाविद्यालयांत २०१३ साली एक प्रयोग झाला. ज्यांना बीजगणिताच्या पूर्वतयारीची गरज आहे असे ठरले होते, अशा नऊशेहून अधिक विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले गेले. नुसत्या बीजगणितात सुमारे ३९ टक्के उत्तीर्ण झाले, बीजगणिताला साप्ताहिक साहाय्यवर्गाची जोड दिली तेथे ४५ टक्के, आणि ज्यांना थेट पदवीस्तरावरचे संख्याशास्त्र व साहाय्यवर्ग दिला त्यांच्यापैकी ५६ टक्के. वरची पायरी हात धरून चढता येते, असे हे आकडे सांगतात. मात्र समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र पुरेल. अभियंता होऊ पाहणाऱ्याला बीजगणित चुकवता येणार नाही. त्याची भूल पडू नये.

तसा हात कसा द्यायचा, याचे उत्तर बर्कले येथे युरी ट्राइझमन यांनी १९७० च्या दशकात शोधले. कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी आळशी होते, की त्यांच्या घरी अभ्यासाची कदर नव्हती? प्रत्यक्ष त्यांच्यात वावरून पाहता यांतले काहीच खरे ठरले नाही. ते कष्टाने, पण एकेकटे अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसत, परस्परांची उत्तरे तपासत, आणि आपण नेमके कोठे उभे आहोत हे त्यांना परीक्षेआधीच कळे. ट्राइझमन यांनी दुबळ्यांसाठी शिकवणी काढली नाही. नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे गटाने सोडवण्याचे वर्ग काढले. त्यांत येणारे कॅल्क्युलस पार करू लागले.

महाराष्ट्रात अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना हे नवखे वाटू नये. मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलगी अकरावी विज्ञानाच्या वर्गात गप्प बसते, तेव्हा तिचे गणित कच्चे आहे असा शिक्का तत्काळ बसतो. वस्तुतः तिला समीकरण येत असते, ‘इक्वेशन’ हा शब्द अडतो. तिला विज्ञान सोडण्याचा सल्ला देण्यापूर्वी दहावीच्या पुस्तकातील चार उदाहरणे तिच्यासमोर मराठीत ठेवावीत, तीच इंग्रजीत ठेवावीत, आणि ती नेमकी कोठे थांबते हे शेजारी बसून पाहावे. एक संध्याकाळ पुरते.