तबकडीची प्रतिमा : दप्तर जतनाचा सोपा मार्ग



अनेक शाळांच्या आणि कार्यालयांच्या कपाटांत आज जुन्या सीडी व डीव्हीडी पडून आहेत. एखादीवर सर्वेक्षणाची माहिती असते, एखादीवर प्रशिक्षणवर्गाचे चित्रण, तर एखादीवर जुनी संगणक-प्रणाली. तबकडी वरून शाबूत दिसते. परंतु ती वाचणारे यंत्र नव्या संगणकांत बहुधा बसविलेलेच नसते. शिवाय ओरखडे, ऊन आणि दमट हवा यांमुळे तबकडीही कालांतराने निकामी होते. तिच्यावरील मजकूर वाचता येतो आहे तोवरच तो सुरक्षित करणे अगत्याचे आहे. ‘डिस्क इमेज’ म्हणजेच तबकडीची प्रतिमा या कामी उपयोगी पडते.

प्रतिमा म्हणजे काय?

गठ्ठ्यातील कागद सुटे करून नेणे वेगळे आणि अनुक्रमणिका व बांधणीसह संपूर्ण गठ्ठा उचलणे वेगळे. फाइलींची साधी नक्कल आणि प्रतिमा यांत हाच फरक आहे. सीडीवरील माहिती प्रत्येकी २,०४८ बाइटांच्या खणांत मांडलेली असते. हे सर्व खण क्रमाने वाचून एकाच फाइलीत उतरविले की प्रतिमा तयार होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयएसओ ९६६०’ या आंतरराष्ट्रीय मानकावरून तिला ‘आयएसओ’ फाइल हे नाव पडले. सीडीची प्रतिमा सुमारे ७०० मेगाबाइटपर्यंत, तर साध्या एकपदरी डीव्हीडीची ४.७ गिगाबाइटपर्यंत भरते.

वापर कसा करावा?

प्रतिमा घेण्यासाठी बाहेरून जोडावयाचे वाचनयंत्र आणि प्रतिमा घेणारी प्रणाली लागते. एकदा प्रतिमा तयार झाली की तबकडीची गरज उरत नाही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘माउंट’ हा पर्याय निवडताच प्रतिमा उघडते आणि यंत्रात तबकडी घातल्याप्रमाणे तिच्यातील फाइली दिसू लागतात. काम संपल्यावर ‘इजेक्ट’ करावे. लिनक्समध्येही ही सोय आहे.

नव्या संगणक-प्रणालीही याच रूपात मिळतात. केंद्र शासनाच्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ लिनक्स हे त्याचे उदाहरण होय. येथे एक चूक वारंवार घडते. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती ठेवल्याने संगणक त्यावरून सुरू होत नाही; ती विशिष्ट प्रणालीच्या साहाय्याने लिहावी लागते. तसे करताना पेनड्राइव्हवरील आधीचा सर्व मजकूर पुसला जातो. म्हणून तो प्रथम अन्यत्र काढून ठेवावा.

पडताळणी हवीच

प्रतिमा बिनचूक आहे की नाही, हे ‘शा-२५६’ या पद्धतीने पडताळता येते. ही पद्धत कोणत्याही फाइलीसाठी ६४ अंकाक्षरांची खूण काढून देते. फाइलीत एका बाइटाचा फरक पडला तरी खूण बदलते. बाहेरून घेतलेल्या प्रतिमेची खूण मूळ संस्थेने दिलेल्या खुणेशी जुळते का, हे पाहावे. अनोळखी ठिकाणची प्रतिमा उघडू नये. स्वतः घेतलेल्या प्रतिमेची खूण, तारीख व तबकडीचा विषय नोंदवहीत लिहावा आणि प्रतिमेच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

कागद वाळवीपासून जपावा, हे प्रत्येक दप्तराला ठाऊक आहे. तबकडीची झीज मात्र डोळ्यांना दिसत नाही. कपाटातील तबकड्यांची यादी करणे हे या कामातील पहिले पाऊल होय; ते आजच उचलता येण्याजोगे आहे.