पत्ता नसलेला उमेदवार
(पंचायत समितीच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



गेल्या वर्षी रोजगार मेळाव्यात मी माहिती कक्षात बसलो होतो. बारावी उत्तीर्ण होऊन वीजतंत्रीचे आय.टी.आय. प्रमाणपत्र मिळविलेला एक तरुण अर्ज घेऊन आला. अर्ज सुवाच्य अक्षरात भरलेला. केवळ 'कायमचा पत्ता' हा रकाना कोरा होता. विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पाल सध्या बाजारतळामागं आहे. पुढच्या महिन्यात कुठं असंल, ते वडील ठरवतील." भटक्या जमातीतील हा मुलगा आश्रमशाळेत राहून शिकला. शाळा सुटली आणि पत्ताही सुटला.

एका कारखान्याने त्यास पसंत केले, परंतु पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागितली. पडताळणीस रहिवासाचा पुरावा हवा, पुराव्यासाठी भाड्याची खोली हवी, आणि खोलीसाठी नोकरी हवी. यात कोणाही एका कर्मचाऱ्याचा दोष नव्हता. प्रत्येकाने नियमच सांगितला.

शासकीय सेवेची वाट याहून बिकट आहे. विमुक्त जातींसाठी ३ टक्के आणि भटक्या जमाती (ब) साठी २.५ टक्के जागा राज्यात राखीव आहेत. परंतु जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजा त्या काळी गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडत होता, त्याच्या नातवाने कोणत्या गावचा उतारा आणावा? इतिहासाची विसंगती अशी की, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेत याच समाजांतील अनेकांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवून त्यांची नित्य हजेरी घेतली जात असे. तेव्हा त्यांच्या वास्तव्याची नोंद सरकारच ठेवीत होते! तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला. पुरावा देण्याचे ओझे मात्र आता त्यांच्याच शिरावर आहे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी पहिली विनंती. पालावरचे मूल पहिलीत येते तेव्हा जनरल रजिस्टरात त्याच्या जमातीचे नाव व जन्मगाव पालकांना विचारून पूर्ण लिहावे. घाईत नुसते 'हिंदू' लिहून आपण मोकळे होतो. ती अर्धी ओळ पंधरा वर्षांनी त्या मुलाच्या नोकरीआड येते, आणि शाळा सोडल्यानंतर ती दुरुस्त करणे किती जिकिरीचे असते, हे आपण जाणताच.

दुसरी गोष्ट मतदार यादीची. घर नसलेल्या व्यक्तीने अर्जात दिलेल्या जागी ती खरोखर झोपते काय, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री, एकाहून अधिक वेळा जाऊन पाहावे. तसे आढळल्यास निवासाचा कागद मागू नये, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. हे काम आपल्यापैकी अनेक शिक्षकच करतात. रात्री बाजारतळावर जाणे गैरसोयीचे खरे, परंतु अनेक तरुणांच्या हाती पडणारा तो पहिला सरकारी कागद ठरू शकतो.

सरपंचांनी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना अवश्य पाहावी. तीत कुटुंबास ५ गुंठे जमीन व २६९ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद आहे. निधीपेक्षा जागेचा प्रश्न कठीण असतो. पाल गायरानावर चार दिवस चालते, घर मात्र गावाला चालत नाही. यावर ग्रामसभेत स्पष्ट बोलले गेले पाहिजे.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. त्याच्या चुलत आजोबांचे नाव दूरच्या एका गावी शाळेच्या १९५८ च्या रजिस्टरात सापडले. तेथील मुख्याध्यापकांनी दोन दिवस जुन्या पेट्या उपसल्या. त्या नोंदीवर दाखला मिळाला. कारखान्यातील जागा तोवर भरली गेली होती. सध्या तो एका ठेकेदाराकडे वायरिंगचे काम करतो आणि भरतीचे अर्ज भरतो. पत्रव्यवहारासाठी तो आश्रमशाळेचा पत्ता देतो. मुख्याध्यापकांनी त्यास संमती दिली असून त्याची पत्रे ते कपाटात वेगळी ठेवतात.