आपले ताट आणि आपल्या ग्रंथी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



"हार्मोन्सवर बोला," असे चिटणीसबाईंनी मला सुचविले. मी म्हटले, बोलेन, पण स्वयंपाकघरातूनच बोलेन. हार्मोन्स म्हणजे संप्रेरके. शरीरातल्या ग्रंथी ती रक्तात सोडतात आणि ती अंगभर निरोप पोचवितात. त्यांपैकी इन्शुलिनचे नाव आपणां सर्वांस परिचयाचे आहे.

भात, पाव, साखर पोटात गेली की रक्तातली साखर चढते आणि ती पेशींत शिरावी म्हणून स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. चालणे कमी, पोटाचा घेर वाढलेला, अशी स्थिती असली की पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. मग ते अधिकच स्रवते आणि हे जास्तीचे इन्शुलिन बीजकोशांना पुरुषी संप्रेरके वाढवावयास लावते. मुलीची पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर केस येतात, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. अशा मुलीला "लग्न झाले की होईल सारे सुरळीत" असे सांगण्याची आपल्याकडे जी रीत आहे ती मला मुळीच पसंत नाही. तिला डॉक्टरांकडे न्यावे.

"पण आमची तर काडीसारखी आहे!" असे कोणी म्हणेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले व इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! तेव्हा बारीक दिसण्यावर जाऊ नये.

आता आपल्या जवळची गोष्ट सांगते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांना, दिवस जाण्याच्या आधीपासून, रोज एक खाऊ देण्याचा प्रयोग २००६ साली सुरू झाला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळे व दूध; दुसऱ्याच्या खाऊत बटाटा-कांदा यांसारख्या भाज्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की गरोदरपणातला मधुमेह पहिल्या गटात ७.३ टक्के स्त्रियांना झाला, दुसऱ्यात १२.४ टक्के. औषध नव्हे, माठ-मेथीसारखी साधी भाजी! आपल्या वसईच्या बायका पहाटेच्या गाडीने हीच भाजी दादरला नेत आल्या. मुंबईकरणीच्या ताटात ती पडली, आणि पिकविणारीच्या ताटात? सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेला भात आणि आमटीचे पाणी. सर्वांत शेवटी जेवणे याला आपण फार मान देत आलो. मला त्यात मान दिसत नाही. सुनेचे ताट आधी, निदान सर्वांबरोबर, वाढा.

नोकरी करणाऱ्या भगिनींचे दुखणे निराळे. विरार लोकल गाठायची म्हणून चहा-बिस्किटावर निघायचे आणि रात्री दहाला पोटभर जेवायचे. तेच जेवण रात्री उशिरा घेतले तर साखर दिवसापेक्षा अधिक चढते. शिवाय झोप अपुरी झाली की भूक वाढविणारे संप्रेरक वाढते. रात्रीची भाजी-भाकरी डब्यात घालून सकाळी गाडीतच खाल्ली तर कोणी हसणार नाही. जेवताना आधी भाजी, आमटी किंवा मासळी आणि मग भात, एवढ्यानेही साखर सावकाश चढते. मांदेली, सुके बोंबील यांना गरिबाचे खाणे समजू नका. शाकाहारी भगिनींनी दूध-दही सोडू नये, कारण ब-१२ जीवनसत्त्व डाळी-भाज्यांत नसते. आणि सुकेळी? आपल्या वसईचे ते भूषण. परंतु केळे वाळले की पाणी जाते, साखर तेवढीच राहते. एक खावे, पुडके नव्हे.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा निदान अर्ध्या तासाने. कॅल्शियमची वा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी. जेवणाबरोबरही चहा नको. अन्नातले लोह त्याने नीट शोषले जात नाही.